काऊन विचारणारे सर

खुर्ची पुढे केली की सर ती हाताने बाजूला सारत, खिडकीपर्यंत जात, वळत आणि समोरच्याला विचारत, "काऊन?" म्हणजे, का?

जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा आम्हा तालुक्याच्या डॉक्टरांचं शवविच्छेदनाचं प्रशिक्षण असे. सर आमचेच जुने अहवाल, नावं झाकून, मोठ्याने वाचत. "मृत्यूचं कारण, हृदयक्रिया बंद पडल्याने." मग कागद टेबलावर टाकून खिडकीपर्यंत एक फेरी. "हृदय तं सगळ्यायचंच बंद पडते, डॉक्टर. काऊन बंद पडलं, ते सांगा."

तो अहवाल ज्याचा असेल तो वहीत डोकं खुपसे. पण आमच्या सगळ्यांचे अहवाल इतके सारखे होते की, तो आपलाच असेल असं समजून सगळेच डोकं खुपसत.

तुम्ही कधी तालुक्याच्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला गेला असाल तर ती खोली पाहिली असेल. पत्र्याचं छप्पर, एक बारीक खिडकी, बाहेर नळ आणि नळाजवळ बसून राहिलेली माणसं. आत चाकू चालवायचा तो सफाई कामगाराने. डॉक्टरने दारात उभं राहून, नाकाला रुमाल लावून लिहायचं, अशी रीत पडून गेली होती. मीही तशीच शिकले होते. कॉलेजात टेबलाभोवती एवढी गर्दी असायची की मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसायच्या, आणि मी मागच्यांत होते. लोणारच्या बाजूला एका ग्रामीण रुग्णालयात माझी नोकरी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात पोलिसांचा कागद टेबलावर आला. आमच्या सफाई कामगार काकांनी माझा चेहरा पाहिला आणि मायेने म्हणाले, मॅडम, तुम्ही बाहेरच थांबा. मी थांबले.

ही रीत सरांनी मोडली. पहिल्याच प्रशिक्षणात त्यांनी विचारलं, कोणाकोणाचे हात चालतात आणि कोणाकोणाचा फक्त पेन चालतो. एकही हात वर झाला नाही. त्यावर ते रागावले नाहीत. त्यांनी जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या सफाई कामगाराला वर बोलावलं, त्याला "उस्ताद" म्हणून हाक मारली आणि चाकू कसा धरायचा ते आम्हाला त्याच्याकडून शिकवलं. उस्ताद घाबरून घामाघूम झाला होता. डॉक्टर लोकांसमोर तो कधी बोललाच नव्हता. शेवटी सरांनी त्याला चहा दिला, तर तो कप घेऊन हॉलच्या बाहेर जायला निघाला. "इथंच प्या," सर म्हणाले, "आज तुम्हीच मास्तर आहा."

चहावरून आठवलं. सर चहा उभ्यानेच पीत, तोही अर्धा. मग कप कुठेतरी ठेवून पुढे चालू लागत आणि दहा मिनिटांनी नवा मागवत. त्या दवाखान्यात खिडक्यांत, जिन्याच्या कठड्यावर, कधी तर एक्स-रेच्या मशीनवरही त्यांचे अर्धे कप सापडायचे. एक शिपाई बाई रोज संध्याकाळी ते गोळा करायची आणि पुटपुटायची. एस.टी.नेही त्यांना कितीदा मागे सोडलं असेल, त्याचा हिशोब नाही. गाडी कुठेही थांबली की हे पाय मोकळे करायला उतरत आणि लांबवर चालत जात. मेहकरच्या स्टँडवर त्यांची बॅग घेऊन गाडी पुढे निघून गेली होती आणि हे मागच्या गाडीने, रिकाम्या हातांनी आमच्याकडे शिकवायला आले होते. आल्या आल्या म्हणाले की चाकू तुमच्याकडे असेलच.

लहान मुलाचं शवविच्छेदन असलं की त्यांची ही तगमग फार वाढे. अशा वेळी त्यांचा एक नियम होता. आईशी बोलल्याशिवाय आत जायचं नाही. पोलिसांच्या पंचनाम्यात काय लिहिलंय ते नंतर वाचायचं. पोरगं काय खात होतं, किती पाणी पीत होतं, शाळेत जाताना दमत होतं का, झोपेत कसं होतं, हे आधी आईला विचारायचं. आमच्यातल्या एकाने धीर करून म्हटलं की सर, त्या वेळी आई रडत असते, तिला काय विचारणार? सर थांबले. "रडू द्या. तुम्ही उभे राहा. रडून झाल्यावर ते सांगते. तवा तिथं कोणीतरी असलं पाहिजे."

आम्हाला हे सगळं जरा जास्तच वाटायचं. खोटं कशाला बोलू? परतीच्या गाडीत आम्ही त्यांच्या चालण्याची नक्कल करायचो.

मग तो दिवस आला.

सोयाबीन निघून गेलं होतं आणि कापसाची वेचणी चालू होती. सकाळी ओ.पी.डी. सुरू व्हायच्या आधीच दवाखान्याच्या आवारात एक ऑटो शिरला. ऑटोत नऊ वर्षांचा एक मुलगा होता आणि तो वाटेतच गेलेला होता. त्याच्यासोबत एक बाई होती, जेमतेम बावीस-तेवीसची. ती त्याची सावत्र आई. मुलाचा बाप ट्रकवर होता, दोन दिवसांपासून बाहेर.

तासाभरात मुलाचा मामा आला, त्याच्यामागे गाव आलं. मामाची बहीण म्हणजे मुलाची सख्खी आई, ती तीन वर्षांपूर्वी गेली होती. मामाचं म्हणणं सरळ होतं. या बाईने पोराला विष घातलं. घरात कपाशीवर फवारायच्या औषधाचा डबा होता. पोराला उलट्या झाल्या, पोट दुखलं, श्वास लागला, मग तो बेशुद्ध पडला. शिवाय गेल्या महिन्याभरात पोरगं वाळून काडी झालं होतं, म्हणजे ती त्याला खायलाही देत नव्हती. गावातल्या बायकांनी ते पाहिलं होतं. पोलिसांनी तिला दवाखान्याच्या फाटकाजवळ जीपमध्ये बसवून ठेवलं. ती रडत नव्हती, आणि लोक तेही बोलून दाखवत होते.

मला सगळं पटत होतं. आणि त्या मुलाला मी ओळखलं होतं. आदल्या दिवशी, ओ.पी.डी. संपत आली असताना, हीच बाई त्याला घेऊन माझ्यासमोर बसली होती. उलट्या आणि पोटदुखी. मी पोट दाबून पाहिलं, एक इंजेक्शन दिलं, गोळ्या आणि मिठा-साखरेच्या पाण्याच्या पुड्या लिहून दिल्या. बाहेर अजून तीस जण होते. उठता उठता ती म्हणाली होती, "मॅडम, हा लय पानी पेते." मी लिहिता लिहिताच म्हटलं होतं, चांगलं आहे, पिऊ द्या.

पोलिसांचा कागद माझ्या टेबलावर होता. मी सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. मी त्याला काल पाहिलं होतं, एवढंच सांगितलं नाही.

सर अडीच तासांनी आले. बुलढाण्याहून कोणाची तरी जीप मागून आणली होती. उतरल्या उतरल्या त्यांनी आवाराच्या दोन फेऱ्या मारल्या, मामाचं सगळं ऐकून घेतलं. मग ठाणेदारांना विचारलं की याची आई कुठे आहे. ठाणेदार म्हणाले की आई तर वारली, आरोपी सावत्र आहे, ती जीपमध्ये आहे.

"काल याले दवाखान्यात कोणी आणलं होतं?"

कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी म्हणाले, "तिनंच आणलं होतं, सर. मीच पाहिलं होतं त्याला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मंग चाकू तुमच्या हाती नको. तुम्ही बाजूला उभ्या राहा. पण पाहा." आणि जीपकडे चालू लागले.

तिला खाली उतरवायला ठाणेदार तयार नव्हते. लोक चिडले होते. सरांनी आवाज चढवला नाही. मी आईशी बोलल्याशिवाय आत जात नाही, हवं तर तसं लिहून घ्या, एवढंच सांगितलं. शेवटी तिला दवाखान्यामागे, लिंबाच्या झाडाखाली आणलं. ती जमिनीवर बसली. आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, सरही बसले. मातीत, तिच्यासमोर, मांडी घालून. पँटला माती लागली ती दिवसभर तशीच होती.

तिने सुरुवातीला काही सांगितलं नाही. सरांनीही काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी मुलाचं नाव विचारलं, तो काय खेळायचा ते विचारलं. ती सांगायला लागली. पंधरा-वीस दिवसांपासून तो माठाजवळच असायचा. तांब्या खाली ठेवला की परत तहान. शाळेतून गुरुजींनी निरोप पाठवला की हा सारखा लघवीला जातो. आणि इतका मोठा मुलगा अंथरूण ओलं करायला लागला. ती रोज गोधडी धुवायची. शेजारच्या बायका हसायच्या.

"मुंग्या लागत होत्या, साहेब," ती म्हणाली. "गोधडीले. धुवाले टाकेपर्यंत मुंग्या लागत."

सर एकदम उठले. झाडाभोवती एक चक्कर मारली आणि परत तिच्यासमोर आले. "हे कोणाले सांगितलं होतं का?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "पानी लय पेते म्हनून सांगितलं होतं," ती म्हणाली. कोणाला, ते तिने सांगितलं नाही.

आत मी भिंतीला टेकून उभी होते. काका मदतीला होते. सरांचे हात मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहत होते. बाहेर ज्या माणसाला एक मिनिट उभं राहवत नव्हतं त्याचे हात इथे इतके सावकाश चालत होते की काकाही माझ्याकडे पाहायला लागले. जठर उघडल्यावर सरांनी वाकून वास घेतला, मग काकांना घ्यायला सांगितला. फवारणीच्या औषधाचा वास काकांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ओळखीचा. त्यांनी मान हलवली. नाही. फुप्फुसं पाहिली, हृदय पाहिलं, डोकं उघडलं. प्रत्येक गोष्ट वजन करून लिहून घेतली. मूत्राशय भरलेलं होतं. त्यातले काही थेंब त्यांनी लघवी तपासायच्या पट्टीवर टाकले आणि पट्टी माझ्यासमोर धरली. साखरेचा चौकोन आणि त्याच्या शेजारचा कीटोनचा चौकोन, दोन्ही गडद होत गेले. मी ते रंग परीक्षेसाठी पाठ केले होते.

मग त्यांनी बारीक सुईने डोळ्याच्या बुबुळामागचं पाणी काढलं. मला म्हणाले की माणूस गेल्यावर रक्तातल्या साखरेचा भरवसा राहत नाही, पण डोळ्यातलं पाणी बराच वेळ खरं बोलतं. ही बाटली आजच्या आज जिल्ह्याला गेली पाहिजे. व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, तेही राखून ठेवले, विषाच्या तपासणीसाठी, कारण कोणाच्या मनात शंका राहायला नको.

मुलाला मधुमेह होता. लहान मुलांना होतो तो, एकाएकी येणारा, इन्सुलिनशिवाय न थांबणारा. तो वाळत गेला तो त्यामुळे, पाणी पीत होता ते त्यामुळे, आणि शेवटी उलट्या, पोटदुखी आणि धाप लागली तीही त्यामुळेच. काल माझ्या टेबलावर बोटाच्या टोकाचं एक थेंब रक्त घेतलं असतं तर कळलं असतं. ते मशीन माझ्या टेबलाच्या खणात होतं. म्हाताऱ्या माणसांसाठी वापरायचो.

सरांनी तिथेच, उभ्याने, ठाणेदारांना लेखी दिलं की विषाची कुठलीही खूण दिसत नाही, आजाराच्या खुणा आहेत, तपासणीचा कागद उद्या येतो. ठाणेदार समजूतदार होते. त्यांनी तिला अटक केली नाही. गावात ठेवणं बरं नव्हतं म्हणून तिच्या भावाला बोलावून माहेरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी डोळ्यातल्या पाण्याचा अहवाल आला, साखर भयंकर वाढलेली, आणि पुढे बऱ्याच महिन्यांनी विषाचाही. विष नव्हतंच.

पण त्या दिवशी निघताना सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अहवालाले केसपेपर जोडा."

म्हणजे आदल्या दिवसाचा, माझ्या अक्षरातला. उलट्या, पोटदुखी, इंजेक्शन, गोळ्या. तो कोणी मागितला नव्हता. आमच्या वरिष्ठांनी मला आत बोलावून हळूच सांगितलं की कशाला जोडता, गर्दीच्या दिवसातले कागद सापडत नाहीत कधी कधी. ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते. मी बाहेर आले, तर सर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. त्यांनी मला परत काही म्हटलं नाही. त्यांच्या चपलांचा आवाज येत-जात राहिला. मी खणातून कागद काढला, झेरॉक्स काढून आणली आणि जोडला.

पुढे जे व्हायचं ते झालं. चौकशी झाली, ताकीद मिळाली. दोन-चार महिने लोक माझ्याकडे मुलं आणायला बिचकत होते. मोताळ्याला माझे वडील शाळामास्तर होते. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी फोनवर जेवलीस का, एवढंच विचारलं. माझं मन कुठेच थाऱ्यावर नव्हतं. ओ.पी.डी.त प्रत्येक मुलाला मी दोनदा तपासायची आणि तो दारातून बाहेर गेला की तिसऱ्यांदा परत बोलवायची. राजीनामा लिहून ठेवला होता.

तेव्हा एका रविवारी सर आले. चला म्हणाले. कुठे, ते विचारायची गरज नव्हती.

जीपमध्ये ते ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते आणि सारखे मागे वळत होते. बोलायचं आहे पण जमत नाही, असं काहीतरी. शेवटी त्यांनी गाडी थांबवायला लावली, रस्त्याच्या कडेला उतरले, आणि एका शेताच्या बांधावर चालता चालता त्यांनी मला जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही.

ते नवीन नोकरीला लागले होते, मोताळा तालुक्यात. सात वर्षांची एक मुलगी पी.एम.ला, शवविच्छेदनाला, आली. झटके येऊन गेली होती. आई विधवा, घरात दिरांशी भांडण. दिरांनी सांगितलं, हिने पोरीला काहीतरी घातलं. सरांनी वरवर पाहिलं, लिहिलं की विषबाधेची शक्यता, व्हिसेरा राखून ठेवला. त्या कागदावर ती बाई तुरुंगात गेली. व्हिसेराचा अहवाल यायला वर्ष होत आलं. त्यात काही नव्हतं. ती सुटली.

"मी गेलो तिच्या घरी," सर म्हणाले. "रोहिणखेडच्या पुढं राहे. माफी मागाले गेलो होतो. ते काही रागावली नाही. मले म्हने, विष नव्हतं ना साहेब, मंग माही पोरगी काऊन मेली?"

ते बांधावरचं एक ढेकूळ पायाने फोडत राहिले.

"मले सांगता आलं नाही. मी डोकं उघडलंच नव्हतं, डॉक्टर. झटके आलेल्या पोरीचं डोकं उघडलं नव्हतं. घाई होती. त्या दिवशी मले मुलगी पाहाले जायचं होतं, अकोल्याले."

मी विचारलं की मग ते लग्न झालं का.

"झालं ना. तिच्याशीच झालं." ते पहिल्यांदा थोडे हसले. "ते अजून म्हनते, तुम्ही पाहाले आले तवा पाच मिनिटं एका जागी बसले नाही. मले वाटलं मी पसंत नाही."

आम्ही परत जीपमध्ये बसलो.

त्या मुलाची सावत्र आई माहेरच्या अंगणात तूर पाखडत होती. आम्हाला पाहून तिने सूप खाली ठेवलं आणि पदर सारखा केला. तिच्या आईने खाट टाकली. सर बसले नाहीत, कुंपणाजवळ जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. म्हणजे बोलायचं मीच होतं.

मी तिला सगळं सांगितलं. तो आजार काय असतो, कोणामुळे होत नाही, कोणाच्या खाण्या-पिण्याने होत नाही. त्या दिवशी मी एक साधी तपासणी केली असती तर तो वाचला असता, बहुतेक वाचलाच असता. ती मी केली नाही. हे वाक्य मी आठवडाभर मनात म्हणत होते, तरी ते तिथे नीट आलं नाही.

सुपातल्या तुरीवर एक चिमणी येऊन बसली, तिने ती उडवलीही नाही.

"मी सांगितलं होतं ना तुमाले," ती म्हणाली, "लय पानी पेते म्हनून?"

"हो. सांगितलं होतं."

"म्हणजे मी बरोबर सांगितलं होतं."

"अगदी बरोबर सांगितलं होतं."

तिने मान हलवली. "मले वाटलं, मलेच सांगता आलं नाही. सख्खी माय असती तं बरोबर सांगितलं असतं, असं वाटे." आणि तेव्हा ती रडली. त्या दिवशी जीपमध्ये न रडलेली बाई आईच्या मांडीवर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडली. मी उभी राहिले. रडून झाल्यावर तिने मला विचारलं की त्याला शेवटी फार दुखलं असेल का. मला जे माहीत होतं ते मी सांगितलं.

राजीनामा मी फाडला नाही. तो बरेच दिवस खणात तसाच होता, मग कधीतरी सापडेनासा झाला.

त्यानंतर सरांना एक नवीनच वेड लागलं. पी.एम.च्या प्रशिक्षणात ते जिवंत मुलांबद्दल बोलायला लागले. उलट्या करणारं प्रत्येक पोर, धाप लागलेलं प्रत्येक पोर, आधी बोटाला सुई. प्राथमिक आरोग्य केंद्रांत जायचे, आशाताईंच्या बैठकीत दारात उभे राहून बोलायचे. पहिले अंथरूण ओलं करत नव्हतं आणि आता करायला लागलं, असं कोणी पोर आहे का तुमच्या गावात? अंगणवाडीच्या बाया आधी तोंडावर पदर धरून हसायच्या. बालरोगाचे एक डॉक्टर भर बैठकीत म्हणाले की मेलेल्यांचे डॉक्टर आता जिवंतांच्या मागे लागले. सर म्हणाले, मेलेल्यांनीच पाठवलं आहे. ते विनोदाने म्हणाले होते, पण हसलं कोणी नाही.

देऊळघाटची एक मुलगी अशीच एका आशाताईने गाठून आणली. आता ती आठवीत आहे, स्वतःची सुई स्वतः घेते आणि डॉक्टरांशी इंजेक्शनच्या जागेवरून हुज्जत घालते. सरांना ती हुज्जत फार आवडायची. तेवढ्यासाठी ते तिच्या तपासणीच्या दिवशी मुद्दाम त्या वॉर्डातून जायचे.

सर निवृत्त झाले तेव्हा आम्ही वर्गणी काढून त्यांना एक आरामखुर्ची दिली. सगळे पोट धरून हसले, तेही हसले. ती खुर्ची त्यांच्या घरी पुस्तकं ठेवायला कामी आली, असं त्यांच्या पत्नीने नंतर सांगितलं. निवृत्तीनंतरही ते बुलढाण्यातच राहिले. पहाटे चालायला निघत ते कधी कधी दुपारी परत येत.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी चालून आले, अंघोळीचं पाणी काढायला सांगितलं आणि गेले. मला कळलं तेव्हा मी ओ.पी.डी.त होते, आणि निघेपर्यंत सगळं आटोपलं होतं. घरी गेले, त्यांच्या पत्नीजवळ बसले, परत आले. दोन दिवस मला कामात काहीच सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ओ.पी.डी.त ती आली, त्या मुलाची सावत्र आई. मधल्या काळात तिचा नवरा तिला न्यायला गेला होता. ती लगेच गेली नव्हती. मामाने गावासमोर जे म्हटलं होतं ते त्याने चार लोकांत परत घेतलं पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं. त्याला सहा महिने लागले. आता तिला एक मुलगी आहे, तेव्हा दीड वर्षाची होती, आणि जवळचं आरोग्य केंद्र सोडून ती डोस द्यायला माझ्याकडे येते. त्या दिवशी डोस झाल्यावर तिने मुलीचा दुसरा हात माझ्यापुढे धरला.

"रडूनच राह्यली तं साखरबी पाहून घ्या."

मी बोटाला सुई टोचली. मशीनला आकडा दाखवायला लागणारे ते काही सेकंद आम्ही दोघीही त्या काचेकडे पाहत होतो. मग आकडा आला. चांगला होता. तिने मोठा श्वास सोडला आणि सहज विचारलं की ते मोठे साहेब आता कुठे असतात, बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत.

मी सांगितलं.

ती मुलीचं बोट कापसाने दाबत बसून राहिली. बाहेर लोक ओळीत उभे होते, कोणीतरी दारातून डोकावून गेलं. मग तिने विचारलं की साहेबांच्या घरी कोण आहे. मी म्हणाले, बाईसाहेब आहेत.

"मले जायचं हाय त्यायच्याकडं," ती म्हणाली. "बुलढान्याची गाडी किती वाजता हाय?"

साडेअकराची होती. मी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला, आणि तिने तो दोनदा वाचून पोलक्यात ठेवला. माझ्या खिडकीतून दवाखान्याच्या फाटकाबाहेरचा थांबा दिसतो. पेशंट बघता बघता मी मधून मधून तिकडे पाहत होते. मुलगी कडेवर झोपली होती, आणि ती ऊन चुकवायला डोक्यावर पदर घेऊन, गाडी येते त्या बाजूला तोंड करून उभी होती.